हवेत आवळलेले नट

मंगळवार, ३ फेब्रुवारी

आज चिरंजीवांचा फोन आला. मुलावर रागावले की मी त्याला चिरंजीव म्हणते. एरवी तो माझा एकुलता एक, लाडका वगैरे.

"आई, बाबांनी आता गाडी चालवणं बंद करावं, असं आम्हा दोघांना वाटतं."

आम्हा दोघांना! म्हणजे सूनबाईंनाही. सूनबाई आमच्या गाडीत आजवर दोनदा बसल्या, आणि दोन्ही वेळा काच खाली कशी करायची हे विचारण्यापलीकडे त्यांनी गाडीचा अभ्यास केलेला नाही.

निमित्त काय, तर गेल्या आठवड्यात हे गाडी घेऊन बाजारात गेले आणि बसने परत आले. गाडी तिथेच. संध्याकाळी शेडचं दार उघडलं तेव्हा आत नुसता तेलाचा डाग दिसला, तेव्हा यांना आठवलं. आता यात एवढं काय आहे? छापखान्यात एकतीस वर्षं फिटर म्हणून बसने जा-ये केली, पाय आपोआप बसथांब्याकडे वळले. मी मुलाला सांगितलं होतं की चाक पंक्चर झालं म्हणून गाडी तिथे ठेवली. पण समोरच्या पोस्टमास्तरांनी त्याला खरं कळवलं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली त्यांना, टपाल वाटणं काही सुटलेलं नाही.

"अठ्ठावीस तारखेला येतो," मुलगा म्हणाला. "बाबांच्या शेजारी बसून बघतो कशी चालवतात. मग किल्लीचं ठरवू."

बघतो म्हणे! ह्याच गाडीत यांनी त्याला चालवायला शिकवलं, आणि पहिल्याच दिवशी त्याने फाटक पाडलं. तेव्हा यांनी त्याच्याकडून किल्ली काढून घेतली नव्हती. फाटक पुन्हा बसवलं होतं.

फोनवरचं सगळं मी यांना शब्द न् शब्द सांगितलं. चौतीस वर्षं विमा कंपनीत लघुलेखिका होते, माझ्याकडून शब्द गळत नाही. यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "गाडीची मागची बाजू बसलीय. दर खड्ड्याला आदळते. अशा गाडीत बसवून त्याला काय दाखवू? चारही चाकांचे स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर नवे घालतो."

"कुठे?"

"इथेच. शेडमध्ये."

मी म्हटलं, वय बहात्तर आहे तुमचं. हे म्हणाले, गाडीचं एकोणीस. ती आधी बसली.

रविवार, ८ फेब्रुवारी

खोकी आली. दोन माणसांनी उचलून आणली. आत काळे स्प्रिंग, पिवळे शॉक अब्सॉर्बर आणि एक इंग्रजी पुस्तिका. सगळे मेकॅनिक त्याला 'शॉकअप' म्हणतात. हेही म्हणतात. मी पंचेचाळीस वर्षं सुधारते आहे.

पुस्तिका यांनी बाजूला ठेवली. "तू वाच हवं तर."

हवं तर! ज्यांनी ही वस्तू बनवली त्यांनी ती कशी बसवायची हे लिहून दिलंय, आणि हे म्हणे हवं तर. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणायच्या, सूचना न वाचता पेपर सोडवणाऱ्या मुलीला मी शून्य देते, उत्तरं बरोबर असली तरी. मला कधी शून्य मिळालं नाही. पुस्तिका पूर्ण वाचून काढली. निदान माझी तशी समजूत आहे. इंग्रजी भयंकर आहे. पहिल्या पानावर क्रियापदच नाही. लाल पेन्सिलीने अकरा चुका काढल्या. हे हसले. म्हणाले, "परत पाठव त्यांना, खाली सही करून."

पण तक्ता चांगला आहे. प्रत्येक नटाला क्रमांक आणि तो किती आवळायचा त्याचा आकडा. ठरलं असं, की मी आकडे वाचणार आणि हे आवळणार.

बुधवार, ११ फेब्रुवारी

गाडी चार लोखंडी स्टँडवर उभी आहे, चाकं काढलेली. पाय वर करून झोपलेल्या माणसाकडे बघावं तसं वाटतं. मी शेडमध्ये जाताना उगीच खाकरते.

मागचा एक बोल्ट गंजून बसला होता. काल त्यावर तेल सोडून ठेवलं. आज यांनी पान्याला तीन फुटी पाइप जोडला, आणि जोर न लावता नुसते हळूहळू टेकले. कर्र आवाज झाला आणि बोल्ट सुटला. पोस्टमास्तर फाटकावर उभे होते. म्हणाले, "मी असतो तर हातोडा घेतला असता."

"म्हणून तुमच्या घराला बेल नाही," मी म्हटलं. त्यांनी बेलच्या बटणाचं काय केलं ते सगळ्या गल्लीला माहीत आहे.

स्प्रिंग दाबून बसवायचा असतो, आणि तो सुटला तर माणसाचा जबडा नेतो. हे पुस्तिकेत ठळक अक्षरांत आहे. मी ते मोठ्याने वाचलं. यांनी मला शेडच्या बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं. वीस मिनिटं मी बाहेर उभी. आतून एकही आवाज नाही. मग दार उघडलं, स्प्रिंग जागेवर. यांच्या कपाळावर घाम होता, हात मात्र अगदी स्थिर. प्रत्येक आवळलेल्या नटावर यांनी पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. म्हणजे झालेला कुठला आणि राहिलेला कुठला ते कळतं. छापखान्यातली सवय.

लग्नाला एवढी वर्षं झाली आणि हा माणूस काम करताना मी आज पहिल्यांदाच नीट पाहिला. कामावर असताना कुठे बघायला मिळणार? घरी यायचे तेव्हा नुसता शाईचा वास यायचा.

हे यांना सांगितलं नाही. डोक्यावर बसतील.

यांनी सुटे नट ठेवायला कागद मागितला, तर मी पुस्तिकेचं शेवटचं पान फाडून दिलं. त्यावर हमीच्या अटी आणि बारीक टिपा होत्या. कंपन्या वकिलांसाठी छापतात तशा.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

आज भांडण. मुद्दाम लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी मला सांगायला नको की असं झालंच नव्हतं.

पुढच्या चाकांचे शॉक अब्सॉर्बर बसले. ते बसवायला प्रत्येक बाजूची खालची आर्म सैल करावी लागली होती. आर्म म्हणजे चाकाला गाडीशी धरून ठेवणारा लोखंडी हात, आणि जिथे तो गाडीला जोडलेला असतो तिथे रबराचं बुश असतं. मी तक्त्यातून वाचलं: क्रमांक सात, आकडा अमुक.

"हे नट आता नुसते सैल लावून ठेवतो," हे म्हणाले. "गाडी चाकांवर उतरली, की मग आवळायचे."

"का?"

"आत रबर आहे."

"रबर आहे हे मलाही दिसतंय. का, ते विचारतेय."

"चाक आता लोंबतंय. असं असताना आवळलं, तर रबर ह्याच जागी धरून बसेल. मग गाडीचं वजन आलं की पिळेल." यांनी हातातलं फडकं दोन्ही टोकांना धरून पिळून दाखवलं.

"तक्त्यात तसं काही म्हटलेलं नाही. आकडा दिलाय. आवळा."

"अगं, तक्ता करणाऱ्याला..."

"तक्ता करणाऱ्याने हे स्प्रिंग बनवलेत. तुम्ही छापखान्याची यंत्रं जुळवत होतात."

"रबर छापखान्यातही असतं गं."

माझं डोकं तापलं. दुपारचा एक वाजून गेला होता, जेवण व्हायचं होतं, आणि मी विळ्यासारखी वाकून टॉर्च धरली होती. मी म्हटलं, "बरं, ठेवा सैल. आणि नंतर आठवणार आहे का तुम्हाला? गाडी बाजारात ठेवून बसने घरी येणारा माणूस सैल ठेवलेले नट लक्षात ठेवणार? रस्त्यात चाक निघालं म्हणजे?"

यांनी फडकं खाली ठेवलं. पाना उचलला. आवळलं. दुसऱ्या बाजूला गेले, तिथलंही आवळलं. मी आकडा तपासला, बरोबर होता. ठिपका द्यायला रंगाची डबी पुढे केली तर म्हणाले, "राहू दे."

ऐकलं शेवटी. माझं म्हणणं एवढंच, की लिहिलेल्याला काही मान असावा.

चहा अर्धाच प्यायले. पोट बिघडलं असावं.

रविवार, १५ फेब्रुवारी

गाडी खाली उतरली! मागची बाजू वर आली. पुढची जरा जास्तच वर आहे, नाक उडवल्यासारखी. हे म्हणाले, "बसेल हळूहळू." चालवून आलो. पुलाजवळचा तो खड्डा, जिथे माझी कवळी हलायची, तिथे नुसता एक गच्च धक्का. मी म्हटलं, "शाबास!" हे म्हणाले, "जरा ताठ वाटतेय पुढून."

यांना कौतुक कधी पचतच नाही.

शनिवार, २१ फेब्रुवारी

पुढून किरकिर येते. वळताना जास्त. आज हे दोन फळ्या घेऊन आले. म्हणाले, त्यांचा उतार करून पुढची चाकं वर चढवतो, म्हणजे वजन चाकांवरच राहील, आणि खालून ते दोन नट सोडून पुन्हा आवळतो. अर्ध्या तासाचं काम.

मी नाही म्हटलं. पुढच्या शनिवारी मुलगा येतोय. गाडी फळ्यांवर आणि हा माणूस खाली उताणा, आणि नेमका तो लवकर आला तर? त्याला तेवढंच हवंय. जे व्यवस्थित बसलंय ते उघडायचं कशाला? नवी वस्तू थोडी कुरकुरणारच, चपलाही करतात.

"बरं," हे म्हणाले. फळ्या भिंतीला लावून ठेवल्या.

शनिवार, २८ फेब्रुवारी

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण न लिहिता बसवत नाही.

मुलगा दहाला आला. सूनबाई आल्या नाहीत, ते बरंच झालं. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मुलगा पुढे, मी मागे. पहिली दहा मिनिटं हे इतकं सुंदर चालवत होते की मी मागून मुलाच्या मानेकडे बघत होते, आता वळून काहीतरी म्हणेल म्हणून. त्याने म्हटलंही: "बाबा, गाडी छान उचललीत हो." यांचे कान लाल झाले. आरशात मला दिसलं.

मग गतिरोधकावर पुढून ठक्‌ असा आवाज आला. पुढच्या गतिरोधकावर दोनदा. ब्रेक लावला तर गाडी डावीकडे ओढली आणि एक सायकलवाला शिव्या देत बाजूला झाला. त्याला काही लागलं नाही. मुलाने नुसता हात पुढे करून स्टीअरिंगवर ठेवला. यांच्या हातावर.

रस्त्यातल्या गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिक दांडगा, मिशाळ, तोंडात सुपारी. गाडीखाली गेला आणि तिथूनच ओरडला, "हे कुणी आवळलंय? गाडी जॅकवर असताना आवळलंय हे! दोन्हीकडची बुशं पिळून फाटलीत. चाकं टेकवून आवळायचं असतं, एवढंही माहीत नाही?"

मुलाने यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "मीच. विसरलो."

मी तिथे होते. दोन हात अंतरावर. माझ्या पर्सचं बक्कल उघडझाप करत होते, तो टिकटिक आवाज मला अजून ऐकू येतो.

"असू दे, बाबा," मुलगा म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो अगदी मऊ बोलला, पडलेल्या पोराशी बोलावं तसं.

यांनी खिशातून जुडगा काढला, नखाने कडी फाकवून घराची किल्ली वेगळी केली, आणि गाडीची त्याच्या हातात दिली. त्याने मागितली नव्हती अजून.

गाडी तिथेच. दुरुस्त झाली की तिथूनच गिऱ्हाईक बघायचं, असं ठरलं. आम्ही बसने आलो.

रविवार, १ मार्च

मेकॅनिकला बोलण्याची पद्धत नाही. वयस्कर माणसासमोर असं ओरडतात? आणि सुपारी थुंकला तीही माझ्या पायाशी.

शिवाय, हे खरोखरच विसरले असतील. सैल ठेवले असते तरी विसरलेच असते. मग चाकच निघालं असतं. म्हणजे जे झालं ते एका अर्थी बरंच.

वरचं वाक्य खोडावंसं वाटतंय. पण मी खोडाखोड करत नाही.

मंगळवार, ३ मार्च

यांनी नवीनच सुरू केलंय. चिठ्ठ्या. गॅसच्या बटणाजवळ: 'बंद केला, ९.१०.' मागच्या दाराला: 'कडी लावली.' औषधाच्या डबीवर आजची तारीख. छापखान्यातल्यासारखं नेटकं अक्षर. मी म्हटलं हे काय, तर म्हणाले, "आपलं बरं असतं."

मला ते वाचवत नाही म्हणून शेड झाडायला गेले. जुने शॉक अब्सॉर्बर कोपऱ्यात होते, त्यांच्याखाली पुस्तिकेचं ते शेवटचं पान. तेलाने पारदर्शक झालेलं, नटांचे गोल उमटलेले. उजेडात धरलं.

तक्त्यात सात क्रमांकापुढे एक चांदणी होती. ती मी पाहिली होती! मला वाटलं छपाईतला डाग, आणि बारावी चूक म्हणून मी तिच्याभोवती लाल गोल केला होता. चांदणीची टीप ह्या पानावर आहे. इंग्रजी इथे चांगलं आहे, चूक एकही नाही. रबरी बुश असलेले सर्व नट वाहनाचं पूर्ण वजन चाकांवर आल्यानंतरच आवळावेत.

चौतीस वर्षांत साहेबांचा एक शब्द माझ्याकडून गळला नाही. यांचं सगळं सांगणं माझ्याकडून गळलं. फडकं पिळून दाखवलं होतं त्यांनी मला.

बुधवार, ४ मार्च

मुलाला फोन केला. सगळं सांगितलं. चांदणी, टीप, फाडलेलं पान, फळ्या, सगळं.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "आई, तुला बाबांची बाजू घ्यायचीय, कळतंय मला."

"बाजू घेत नाहीये. खरं सांगतेय."

"पंक्चरचंही खरंच सांगितलं होतंस."

"ते वेगळं होतं."

"बाबा स्वतः म्हणाले विसरलो म्हणून. तू तिथेच उभी होतीस. तेव्हा का नाही बोललीस?"

उत्तर देता आलं नाही असा प्रसंग माझ्यावर याआधी शाळेत एकदा आला होता, आणि तेव्हा मला ताप होता.

"किल्लीपेक्षा बाबा महत्त्वाचे आहेत, आई," तो म्हणाला. जसं काही मला ते माहीतच नाही.

शुक्रवार, ६ मार्च

यांना ते पान दाखवलं. हे भाजी निवडत बसले होते. पान हातात न घेताच म्हणाले, "हो, तसंच असतं."

"मी तुम्हाला आवळायला लावलं."

"हो."

"म्हणजे तुम्हाला आठवतंय?"

"आठवायला काय झालं? तू एक वाजता, उपाशीपोटी, टॉर्च माझ्या डोळ्यांवर मारत ओरडत होतीस. पोस्टमास्तरांनाही आठवत असेल."

मला हसू आलं आणि लगेच गेलं. "मग तिथे 'विसरलो' का म्हणालात?"

यांनी एक शेंग मोडली, दोरा काढला. "मी थोडा थांबलो होतो. तू काहीच बोलली नाहीस. म्हटलं, कुणीतरी काहीतरी बोलायला हवं."

मी म्हटलं, माझं नाव सांगायचं होतं. हे म्हणाले, "चारचौघांत?"

मग शेंगा संपल्यावर, मी उठून गेले असं समजून असेल कदाचित, म्हणाले, "गंमत बघ. म्हणालो तेव्हा खोटं होतं. पण बोलल्यापासून खरं वाटायला लागलंय. काल आंघोळीला गेलो आणि साबण लावला की नाही तेच कळेना."

सोमवार, ९ मार्च

एकटीच बसने गॅरेजमध्ये गेले. मेकॅनिक टायरवर बसून डबा खात होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं: "त्या दिवशीचे ते दोन नट माझ्या सांगण्यावरून आवळले गेले. माझे यजमान सैल ठेवा म्हणत होते. मी पान वाचलं नव्हतं. ही माझी चूक आहे."

एवढ्या मोठ्याने म्हटलं की मागच्या गाडीखालून एक डोकं बाहेर आलं.

"कुणी का आवळेनात, बाई," मेकॅनिक म्हणाला. "बुश गेलं ते गेलं."

मला वाटलं होतं त्याला धक्का बसेल. मी सगळ्या प्रवासात वाक्यं जुळवली होती.

पण मग त्याने डबा झाकला. "काकांनी केलंय होय बाकीचं? मागचे स्प्रिंग बघितले मी. माप इकडंतिकडं नाही. आमच्याकडची पोरं असं बसवत नाहीत. ठिपके दिलेत नटांवर, ते कुठं शिकले?"

"छापखान्यात."

"एक नंबर काम आहे."

मी त्याला म्हटलं, हे माझ्या मुलाला फोनवर सांगाल का, माझं तो ऐकत नाही. तो म्हणाला, "आईचं ऐकत नाही आणि मेकॅनिकचं ऐकेल?" पण नंबर घेतला.

घरी येऊन यांना सांगितलं, 'एक नंबर' म्हणाला. "असं म्हणाला?" यांनी विचारलं. थोड्या वेळाने परत विचारलं, "काय म्हणाला तो?" पुन्हा ऐकायचं होतं म्हणून विचारलं की काय, मला कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

शनिवार, १४ मार्च

मेकॅनिकचं ऐकलं त्याने. मुलगा स्वतः गाडी चालवत घेऊन आला. नवी बुशं, चाकं टेकवून आवळलेली. पुढचं नाक खाली आलंय, गाडी चारही पायांवर सारखी उभी आहे.

माझ्याकडे न बघता म्हणाला, "सॉरी, आई." मी म्हटलं, सॉरी मला नको, तिकडे म्हण. तो शेडमध्ये गेला. दोघं बराच वेळ आत होते. भांडण नाही, हसणं नाही, बॉनेट उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज तेवढा आला.

किल्ली टेबलावर ठेवून गेला. एका अटीवर: आई शेजारी बसणार असेल तरच बाबांनी चालवायची. मी लगेच कबूल झाले. मला वाटलं, जिंकलो.

किल्ली दिवसभर टेबलावरच होती. संध्याकाळी यांनी तिच्याखाली चिठ्ठी सरकवलेली दिसली: 'किल्ली इथे आहे.'

मंगळवार, १७ मार्च

वाचनालयाची पुस्तकं परत करायची होती. म्हटलं, चला, गाडीने जाऊ. हे तयार झाले, आरसे नीट केले, पट्टा बांधला, माझाही नीट आहे का बघितला. गाडी काय सुरेख चालते आता! पुलाजवळचा खड्डा आला कधी आणि गेला कधी.

पहिल्या वळणाला यांनी वेग कमी केला. "इथून डावीकडे ना?"

"अहो, चाळीस वर्षं इथूनच जातोय आपण," मी म्हणाले. बोलून गेले. यांची बोटं स्टीअरिंगवर घट्ट झाली. म्हणून पुढच्या वळणाला जेव्हा विचारलं, तेव्हा मी नुसतं "हो" म्हटलं.

शाळेच्या चौकात यांनी वळणाचा दिवा लावला. "इथून उजवीकडे."

तिथून सरळ जायचं असतं. सरळ, आणि मग तिसरी गल्ली. 'नाही' माझ्या जिभेवर अगदी तयार होतं. आयुष्यभर ते तयारच असतं. मी यांच्याकडे पाहिलं. हे रस्त्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते, पेपर तपासून होईपर्यंत बाकाजवळ उभ्या राहिलेल्या मुलासारखे.

"हो," मी म्हटलं.

उजवीकडे वळलो. पाण्याच्या टाकीवरून, बंद पडलेल्या कारखान्याच्या भिंतीकडेने, मोठा वळसा घालून वाचनालयाच्या मागच्या बाजूला निघालो. यांनी गाडी एका झटक्यात दोन गाड्यांच्या मधोमध लावली. इंजिन बंद केलं.

"आलो ना बरोबर?"

"आलो," मी म्हटलं.

परत येताना वळणं पाच आहेत. पाचही वेळा यांनी विचारलं.